मझ आज दवळत गल : मुलांचं 'अशुद्ध' लिहिणं आधी दुरुस्त करायचं की आधी वाचायचं?

वृंदा_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी सकाळी फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक चिठ्ठी सापडली. लेक इरा सहा वर्षांची, यंदा पहिलीत गेली. चिठ्ठी अशी:

मझ आज दवळत गल
मल चवड दल

हातातलं दूध तसंच धरून मी बघत राहिले. मग उलगडलं. माझी आजी देवळात गेली. मला चिवडा दिला. कुणी सांगितलं नव्हतं, समोर पुस्तक नव्हतं. तिच्या आयुष्यातलं स्वतःच्या मनाने लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

आम्ही बडोद्याचे, सासरची चौथी पिढी इथे आहे. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. शाळेत ग, म, न, ज पासून सुरुवात झालीय, काना-मात्रा अजून यायच्या आहेत. देवनागरी तिला आजी शिकवते, दुपारी देवघरासमोर बसवून. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. म्हणून इरा आधी सगळी अक्षरं लिहून घेते आणि मग पट्टी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढते, शब्दांमधल्या मोकळ्या जागांवरूनसुद्धा. अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात.

सोमवारी तिने ती चिठ्ठी मोठ्या हौसेने शिकवणीच्या बाईंना दाखवायला नेली. परत आली ती लाल फुली घेऊन. दोन्ही वाक्यं शुद्ध करून दहा-दहा वेळा लिहायचा लेसन मिळाला. तिने निमूट लिहिला. पण आठवडा होत आला, फ्रीजवर पुन्हा चिठ्ठी नाही.

मी इथल्याच विद्यापीठात होम सायन्सला मानव विकास शिकले. तेव्हा एमिलिया फेरेरो यांचं नाव कानावर पडलं होतं, या आठवड्यात पुन्हा वाचायला घेतलं. बाई मूळच्या अर्जेंटिनाच्या. जिनिव्हाला मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेंकडे डॉक्टरेट केली, नंतर मेक्सिकोत काम केलं, २०२३ मध्ये गेल्या. आना तेबेरोस्की यांच्यासोबतचं त्यांचं संशोधन १९७९ साली पुस्तकरूपाने आलं. अजून वाचता न येणाऱ्या लहान मुलांपुढे त्या कार्डं ठेवत आणि विचारत, यातलं वाचण्यासारखं कुठलं? मुलं सांगत, एकच अक्षर असेल तर त्यात वाचायला काही नाही, तीनेक तरी हवीत. तेच अक्षर परत परत आलं तरी चालणार नाही. पुढे मुलं उच्चारातल्या एकेका तुकड्याला एकेक अक्षर द्यायला लागतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, लिपी कशी चालते याचा अंदाज मूल स्वतः बांधत असतं.

आता 'मझ आज' पुन्हा बघा. मा-झी दोन तुकडे, दोन अक्षरं. आ-जी दोन तुकडे, दोन अक्षरं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही!

माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या घरी असं लिहिणारं मूल असेल तर तुम्ही काय करता? लगेच दुरुस्त करता, की थांबता? आणि थांबायचं तर कधीपर्यंत?

मांडवीचे_काका

वृंदाताई, मुलीचं कौतुक आहेच. पण मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं आहे, तेव्हा स्पष्ट बोलतो. 'मल' म्हणजे काय? मला, माल, मिल, मूल, मेल, मोल, सगळंच होऊ शकतं. तुम्ही आई आहात, चिवडा कुणी दिला ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही वाचू शकलात. परक्याने काय वाचायचं? आपल्या लिपीत काना-मात्रा ही वरची सजावट नाही, त्यावरच अर्थ उभा असतो.

हाताला एकदा भलतं वळण लागलं की ते काढायला दुप्पट मेहनत पडते. दहा वेळा लिहून कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही. थांबू नका.

सेवउसळ_प्रेमी

'मल चवड दल' वाचून इथे मलपण भक लगल. चिवडा घरचा की लहेरीपुऱ्यातला?

वृंदा_दांडियाबाजार

@सेवउसळ_प्रेमी, घरचा! पातळ पोह्यांचा, सासूबाईंच्या हातचा.

@काका, आदर आहेच. पण दहा वेळा लिहून वाईट झालेलं पाहिलं नाही म्हणता, तर मी आठवडाभर रिकामा फ्रीज पाहतेय.

अक्षरगणित

पहिली-दुसरीच्या वाचन-लेखनाच्या प्रकल्पांत मी काही वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकांचा मुद्दा खरा आहे. फेरेरोंनी पाहिलेली मुलं स्पॅनिश शिकत होती, तिथे स्वराला स्वतंत्र अक्षर असतं आणि एकूण अक्षरं तिसाच्या आत आटोपतात. आपल्याकडे हिशोब करा. ३४ व्यंजनं धरली तरी बाराखडीचीच ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं झाली, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम केलं आहे. त्यांना दिसलं की साधी अक्षरं मुलं लवकर उचलतात, पण मात्रा लागलेली आणि जोडलेली अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. म्हणजे इंग्रजीची अक्षरओळख एका वर्षात उरकते आणि आपली चार-पाच वर्षं चालते. यात मूल मंद नसतं, लिपीचा पसाराच तेवढा आहे. पहिलीच्या जुलैत मात्रा नाहीत म्हणून फुली मारणं म्हणजे पेरल्याच्या तिसऱ्या दिवशी कणसं मोजायला जाणं.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रातली. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१६ या काळात पालघरमधल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा सलग अभ्यास झाला. वर्गात लेखन म्हणजे बहुतेक वेळा फळ्यावरचं उतरवणं आणि श्रुतलेखन. मनातलं लिहायला जागाच नव्हती. आणि इतकं उतरवूनही तिसरीच्या शेवटी बरीच मुलं साधे शब्द वाचताना अडत होती.

तेव्हा काका, दहा वेळा लिहून वाईट होत नसेलही. पण जेवढं चांगलं होतं असं आपण धरून चालतो, तेवढं होत नाही.

आणि वृंदा, त्या शिरोरेघेकडे नीट बघ. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ऑकलंडमध्ये नुकत्याच शाळेत आलेल्या १०० मुलांना वर्षभर, दर आठवड्याला, शेजारी बसून पाहिलं. मूल कुठून कुठे वाचतं, शब्द कुठे संपतो हे त्याला कळतं का, अशा गोष्टी त्या टिपत. इराची रेघ मोकळ्या जागांवरून जाते म्हणजे रेघ ही शब्दाची असते हे अजून तिच्या लक्षात आलेलं नाही, तिच्या लेखी ती ओळीची आहे. ज्या दिवशी रेघ शब्दाशी तुटेल त्या दिवशी तारीख घालून ती चिठ्ठी जपून ठेव.

विक्रम_वासणारोड

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. आपण शिकलेल्या घरांतले लोक. आपल्या पोरांच्या फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांवर आपण चर्चा करतो, ती पोरं आज ना उद्या लिहितीलच. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०.५ टक्के होती. २०२४ मध्ये ती २७.१ टक्के झाली. म्हणजे चारांतली तीन मुलं अजून मागे. ज्या मुलाच्या घरी आजी देवघरासमोर बसवून अक्षरं गिरवून घेत नाही, त्याला 'तू तुझे अंदाज बांध' म्हणून सोडून द्यायचं का? त्याला कुणीतरी थेट, रोज, नेटाने शिकवायलाच हवं.

मांडवीचे_काका

विक्रम, अगदी माझ्या मनातलं.

अक्षरगणित

विक्रम, शिकवायलाच हवं, यात वादच नाही. वाद क्रमाचा आहे. आधी अख्खी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, मग शब्द, मग वाक्य, आणि स्वतःचं काही लिहायचं असेल तर ते तिसरी-चौथीत, या क्रमात मूल दोन वर्षं अर्थाची वाट बघत बसतं. घरी पुस्तकं नसलेल्या मुलाला हे सर्वांत महागात पडतं, कारण लिहिण्या-वाचण्याचा उपयोग काय हे त्याला दुसरीकडे कुठे दिसतच नाही.

फलटणची_माहेरवाशीण

क्रमाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या फलटणच्या मॅक्सीन बर्नसन, अख्ख्या गावाच्या मॅक्सीनमावशी. जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, पण भारतीय नागरिकत्व घेऊन फलटणकर झाल्या. प्रगत शिक्षण संस्था त्यांनीच उभी केली. तिथल्या पद्धतीत अक्षरांचे छोटे गट करतात आणि काना सुरुवातीलाच देऊन टाकतात. चार अक्षरं आणि एक काना हातात आला की मूल लगेच शब्द जुळवायला लागतं. क, म, ल, र आणि काना घ्या: काका, मामा, माल, कमाल, कमळ नाही पण कमला, मारा, काला. मात्रांसाठी सहा महिने थांबावं लागत नाही.

वृंदाताई, तुमच्या सासूबाईंना म्हणावं काना आत्ताच द्या. शाळा देईल तेव्हा देईल.

रेल्वेवाला_प्रतापनगर

माझा पाच वर्षांचा मुलगा मागच्या महिन्यात स्टेशनवर पिवळ्या पाटीपुढे अडून बसला. गावाचं नाव तीनदा लिहिलेलं, गुजराती, हिंदी, इंग्रजी. बराच वेळ बघून म्हणाला, "बाबा, मधलं टोपी घालून आलंय." मग बोटाने दाखवायला लागला, हा व आणि तो व भाऊ-भाऊ, हा र आणि तो र भाऊ-भाऊ. द पण ओळखला. वाचता दोन्ही येत नव्हतं. गाडी निघायची वेळ झाली म्हणून उचलून न्यावा लागला.

तोच मुलगा 'वाघ' दोन अक्षरांत लिहितात हे मान्य करत नाही. झुरळाला तीन आणि वाघाला दोन, हे त्याला अजिबात पटत नाही.

अक्षरगणित

@रेल्वेवाला, तुमचा मुलगा फेरेरोंना फार आवडला असता! मोठ्या प्राण्याचं नाव मोठं असायला हवं, असं त्यांच्या अभ्यासातली मुलंही म्हणत. अक्षरं आवाजाची असतात, वस्तूच्या आकाराची नसतात, हा शोध प्रत्येक मुलाला नव्याने लागावा लागतो.

रामबागकर_इंदूर

काय भिया, बडोद्याच्या धाग्यात इंदूरकर शिरला तर चालेल ना? आमची अडचण उलटी आहे. शाळा हिंदी, घर मराठी, लिपी एकच. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, मराठी वाचन फुकटात येईल. नातीला मराठी गोष्टीचं पुस्तक दिलं. 'चोर' हा शब्द हिंदीतला म्हणून वाचला, 'जग' हिंदी ढंगात, 'बाळ'चं 'बाल' केलं आणि 'ऱ्या' दिसल्यावर तर थांबलीच. अक्षर तेच आणि आवाज दुसरा, हे तिच्यासाठी तुमच्या दोन लिप्यांपेक्षा अवघड असावं. मी तिला दुरुस्त करत नाही, मीच तो परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचतो. तिसऱ्यांदा ती स्वतःच 'चोर' बरोबर म्हणते.

भावनगरची_सून

अवांतर होईल, पण बडोद्याच्या लोकांनी ही आठवण ठेवायला हवी. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं. पुढे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मुलाला नुसती अक्षरं देऊन भागत नाही, वाचायला काहीतरी लागतं, हे त्या माणसाला कळलं होतं.

आणि आमच्या भावनगरचे गिजुभाई बधेका! वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढलं. मुलांना इतका जीव लावला की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. त्यांच्याच सोबतीने काम करायला आपल्या ताराबाई मोडक भावनगरला गेल्या आणि नंतर तो वसा बोर्डी-कोसबाडला घेऊन आल्या. गुजराती-मराठीचं बालशिक्षणातलं हे नातं शंभर वर्षांचं आहे. इरा दोन्ही भाषांत वाढतेय, तिला दोन्हीकडचं मिळो.

निशा_मकरपुरा

मी शिक्षिका नाही, अभ्यासक नाही, दोन मुलांची आई आहे. आमच्याकडे काय चाललं ते सांगते.

मोठ्याला मी प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. त्याचं शुद्धलेखन उत्तम आहे. पण आज सातवीत त्याला दहा ओळींचा निबंध म्हटलं की विचारतो, "आई, काय लिहू ते सांग."

धाकटीच्या वेळी मी फुली मारली नाही, चिठ्ठीला चिठ्ठी लिहिली. तिने लिहिलं 'मल पतग हव'. मी खाली लिहिलं, 'तुला पतंग हवा? कोणत्या रंगाचा पतंग हवा?' तिने दोन्ही ओळी किती वेळ शेजारी धरून पाहिल्या. उत्तर आलं, 'लल पतंग हवा'. लाल नाही झाला, पण पतंगावर टिंब आलं आणि हवाला काना आला. मी एक अक्षर शिकवलं नव्हतं.

काकांना एवढंच सांगेन की शुद्ध रूप मुलापुढे यायलाच हवं. ते फुलीतून येण्याऐवजी उत्तरातून येऊ द्या.

सेवउसळ_प्रेमी

निशाताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून घरी लावतोय. खरंच.

विक्रम_वासणारोड

निशाताई, हे पटलं. पन्नास मुलांच्या वर्गात एक शिक्षक पन्नास चिठ्ठ्यांना उत्तरं कशी देणार, हा प्रश्न मात्र माझ्यापुरता शिल्लक आहे.

फलटणची_माहेरवाशीण

@विक्रम, रोज पन्नास नको, रोज पाच. दोन आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. बाकीचे त्या दिवशी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचतात. माझी वहिनी तिच्या वर्गात असंच करते.

मांडवीचे_काका

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण करून पाहत होतो. मुलाचा मुलगा पहिलीत आहे. परवा पाऊस जोरात होता, तो खिडकीत बसला होता. म्हटलं, काय दिसतं ते लिही, मी काही बोलणार नाही. त्याने लिहिलं:

वशवमतरत मगर आह

हात लाल पेनाकडे गेला होता, खोटं कशाला सांगू. पण निशाताईंचं आठवलं. म्हटलं, वाच बरं. त्याने घडाघडा वाचलं, विश्वामित्रीत (म्हणजे आपल्या बडोद्याच्या नदीत) मगर आहे. मग स्वतःच बोट ठेवून पुन्हा वाचायला लागला आणि पहिल्याच शब्दावर थांबला. "आजोबा, इथे काहीतरी कमी आहे." काय कमी आहे ते त्याला सांगता येईना. मग मी पाटी घेतली आणि वि कसा होतो ते दाखवलं. त्या क्षणी त्याला ते हवं होतं. ३१ वर्षांत वि शिकायला इतकं उत्सुक मूल माझ्यापुढे क्वचित बसलं असेल, कारण मी ते नेहमी त्याने मागायच्या आधी देत आलो.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. दुसरीच्या दिवाळीपर्यंत काना-मात्रा पक्क्या झाल्याच पाहिजेत आणि त्यासाठी रोजचा सराव लागतो. पण फुली मी मारणार नाही.

अक्षरगणित

काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

नातवाच्या शब्दात अजून एक गंमत आहे ती बघा. 'श्व' त्याला जोडता येत नाही, पण त्याने श आणि व दोन्ही लिहिले. 'त्र'चे त आणि र दोन्ही लिहिले. म्हणजे जोडाक्षरातले दोन्ही आवाज त्याला सुटे सुटे ऐकू येतात, आणि हेच कितीतरी मुलांना तिसरीतही जमत नाही. आणि 'मगर' तर शंभर टक्के शुद्ध आहे.

वृंदा_दांडियाबाजार

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय.

निशाताईंचं ऐकून ती पहिली चिठ्ठी मी फ्रीजवर परत लावली. लाल फुलीवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'आजी देवळातून कधी आली? तुला काय काय दिलं?' दोन दिवस काही झालं नाही. इरा येता-जाता बघायची, ओठ हलवायची. तिसऱ्या दिवशी:

आज ११ वजत आल
मला परसद दला

'मला'ला काना आहे. 'दला'लाही आहे. माझ्या चिठ्ठीतल्या 'दिलं'वर टिंब होतं, काना नव्हता, म्हणजे तो तिने स्वतःच्या कानाने लावला. आणि अक्षरगणितताई, रेघ तुटली! पट्टी न लावता, प्रत्येक शब्दावर वेगळी, जरा वाकडी रेघ. तारीख घालून कपाटात ठेवली आहे.

आता सासूबाईंनी काना पुरा करून वेलांट्या सुरू केल्यात. परवा इराने हटून विचारलं, 'दि' म्हणताना द आधी म्हणतो, मग वेलांटी आधी का काढायची? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर धो धो पाऊस चालू होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती छत्री आहे. पावसात पाऊल टाकायच्या आधी छत्री उघडतेस ना? तशी द बाहेर पडायच्या आधी त्याची छत्री उघडायची."

आज सकाळी फ्रीजवर नवी चिठ्ठी होती. 'चिवडा सपला.' 'संपला'वरचं टिंब विसरलंय. पण चिवड्याच्या डोक्यावर छत्री आहे, चांगली मोठी, व पर्यंत पोचलेली.